श्रोते पुष्कळ, वाचक किती?

मराठीत नवे मासिक काढण्याचा संकल्प बहुधा चार समविचारी मित्रांच्या बैठकीत सोडला जातो. प्रत्येक जण आपल्या ओळखीची पंचवीस-तीस माणसे मनाशी मोजतो. त्या माणसांना जे रुचते ते अवघ्या महाराष्ट्राला रुचते असे गृहीत धरले जाते. आणि वर्गणीदारांचा एक गोजिरवाणा आकडा कागदावर उतरतो. पुढे वर्ष-दोन वर्षांत अंकांना विलंब होऊ लागतो, जोडअंक निघू लागतात आणि एके दिवशी 'अपरिहार्य कारणांमुळे' अशी चौकट छापून मासिक वाचकांचा निरोप घेते. त्या वेळी केवळ संपादकाची हौस बुडते असे नाही. छापखान्याचे बिल बुडते, लेखकांचे मानधन बुडते आणि आगाऊ वर्गणी भरणाऱ्यांचा विश्वास बुडतो. यांपैकी शेवटचे नुकसान सर्वांत मोठे, कारण त्याची भरपाई पुढे येणाऱ्या दुसऱ्या, कदाचित अधिक लायक अशा मासिकाला करावी लागते.

संगीताचे मासिक काढू पाहणाऱ्यांना हा धोका अधिक आहे. त्यांच्यापुढे श्रोत्यांचा महासागर पसरलेला दिसतो. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाख होती. गाणे मुळीच न ऐकणारा माणूस त्यांत शोधावाच लागेल. साहजिकच 'हजारांत एक वाचक धरला तरी ८३ हजार प्रती' असा हिशेब मांडण्याचा मोह अनावर होतो. गुणाकार म्हणून हा हिशेब बिनचूक आहे. त्यातील 'हजारांत एक' हा आकडा कोठून आला, एवढेच कोणाला सांगता येत नाही. वस्तुतः सगळे मासिक त्या एका आकड्यावर उभे असते. तो आकडा अंदाजाने न ठरवता शोधून काढण्याचे साधन म्हणजे श्रोत्यांची नमुना पाहणी.

हे साधन परकीय किंवा नवखे आहे, असे महाराष्ट्राने तरी म्हणू नये. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ मध्ये पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी सुरू झाली. प्रा. महालनोबिस यांनी बंगालमधील तागाच्या पिकाचा अंदाज घेण्यासाठी नमुना पाहण्या केल्या आणि मोठ्या पाहणीआधी लहान चाचणी पाहणी घेण्याचा पायंडा पाडला. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीचा आरंभ झाला तो याच परंपरेतून. सातारा जिल्ह्यात जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा नमुना पाहणीशास्त्रावरील ग्रंथ देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासला. पिकाचा उतारा आणि कुटुंबाचा खर्च मोजताना जे शास्त्र उपयोगी पडते, ते वाचकांचा अंदाज घेताना निरुपयोगी ठरण्याचे कारण नाही. मात्र ते शास्त्र म्हणून वापरले पाहिजे. मनातल्या निर्णयाला आकड्यांचा साज चढवण्यासाठी नव्हे.

१९५२ चे दोन धडे

संगीताची लोकप्रियता मोजण्याच्या दोन भिन्न रीती एकाच वर्षी, तीन आठवड्यांच्या अंतराने, जगापुढे आल्या. १४ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनच्या 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीवर आधारलेली ब्रिटनमधील पहिली क्रमवारी छापली. पद्धत अगदी साधी होती. साप्ताहिकाचे पर्सी डिकिन्स यांनी सुमारे वीस दुकानांना दूरध्वनी करून त्या आठवड्यात कोणत्या ध्वनिमुद्रिका अधिक खपल्या ते विचारले आणि उत्तरांची बेरीज केली. ३ डिसेंबर १९५२ रोजी, बुधवारी, रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांच्या आवाजात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. तिच्या आरंभीच्या काळात श्रोत्यांच्या पत्रांना मोठे स्थान होते. पुढे गीतांची क्रमवारी लावताना विक्रीचे अहवाल आणि श्रोतासंघांची मते यांचा आधार घेतला जाऊ लागला.

पत्र उत्साह मोजते, विक्री खिसा मोजते. दोहोंचे महत्त्व आहे, पण एकाच्या जागी दुसरे चालत नाही. याचे उत्तम उदाहरण झुमरी तलैया. आज झारखंडात असलेले, अभ्रकाच्या व्यापारावर वाढलेले हे गाव फर्माइशींच्या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले. रेडिओ सिलोनवर आणि विविध भारतीवर त्याचे नाव इतक्यांदा उच्चारले जाई की, असे गाव खरोखर आहे की निवेदकाने कल्पिले आहे, असा प्रश्न लोकांना पडे. तेथील रसिकांच्या हौसेचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु फर्माइशींची पत्रे मोजून एखाद्याने भारताच्या सांगीतिक अभिरुचीचा नकाशा काढला असता, तर त्यात झुमरी तलैया मुंबईहून मोठे शहर ठरले असते. आपण होऊन उत्तर देणारा माणूस हा गप्प राहणाऱ्याचा प्रतिनिधी नसतो, हे पाहणीशास्त्राचे पहिले सूत्र या गावाने देशाला विनामूल्य शिकवले.

श्रोत्याला न विचारता त्याच्यासाठी निर्णय घेतल्यास काय होते, याचा दाखलाही त्याच काळातला आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकर यांची रागसंगीतावरील निष्ठा वादातीत होती. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन हे उपक्रम त्यांच्याच कारकिर्दीतले. परंतु त्याच कारकिर्दीत चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद झाले, आणि श्रोत्यांनी वाद न घालता रेडिओची खुंटी सिलोनकडे फिरवली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून आकाशवाणीला त्या श्रोत्यांच्या मागे जावे लागले. सरकारी खात्याला चूक दुरुस्त करायला पाच वर्षे मिळाली. खासगी मासिकाला पाच महिनेही मिळत नाहीत.

विचारावे कोणाला?

पाहणी मोठी असली की ती खरी असते, हा समज सर्वत्र आढळतो. १९३६ मध्ये अमेरिकेतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीचा अंदाज घेण्यासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत साप्ताहिकाने केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. जॉर्ज गॅलप यांनी याहून कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर ओळखला होता. डायजेस्टच्या याद्या मुख्यतः दूरध्वनीधारकांच्या आणि मोटारमालकांच्या होत्या. मंदीच्या दिवसांत ही दोन्ही साधने नसलेला मतदार त्यांत आलाच नाही. शिवाय पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांच्या मतांतही अंतर होते. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले.

संगीत मासिकाच्या पाहणीत डायजेस्टची यादी अनेक वेषांत पुढे येते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात प्रश्नावली वाटल्यास उत्तरे भरभरून येतील, आणि महाराष्ट्राला ख्यालाखेरीज काही रुचत नाही असा निष्कर्ष निघेल. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारले, तर प्रत्येकाला स्वरलिपी आणि परीक्षेची टिपणे हवी असतील. भ्रमणध्वनीवरून ओळखीच्या समूहांत प्रश्नावली फिरवली, तर ती मित्रांच्या मित्रांपर्यंत जाईल आणि मूळ बैठकीतल्या चौघांचेच मत हजार तोंडांनी परत येईल. यांतली कोणतीही यादी टाकाऊ नाही. परंतु त्यांपैकी एकीलाच महाराष्ट्र समजणे म्हणजे डायजेस्टची चूक पुन्हा करणे होय.

या याद्यांत कोण येत नाही, हा प्रश्न म्हणून अधिक महत्त्वाचा. गावोगावची भजनी मंडळे येत नाहीत. लग्नसराईवर वर्षाची भाकरी अवलंबून असलेले ब्रास बँड आणि बँजो पार्ट्या येत नाहीत. नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या घेणारे तमाशाचे फड, शाहिरांची पथके, भीमगीते गाणारे गायक, ढोलताशाची पथके येत नाहीत. ही सारी संगीतावर जगणारी किंवा संगीतासाठी वेळ व पैसा वेचणारी माणसे आहेत. घरातल्या स्त्रियाही बहुधा येत नाहीत, कारण दारात आलेल्या पाहणीदाराशी बोलतो तो घरातला पुरुष, आणि तो सगळ्या घराची आवड स्वतःच सांगून मोकळा होतो. घर निवडल्यानंतर घरातील कोणत्या व्यक्तीला विचारायचे, हेही चिठ्ठ्या टाकूनच ठरवले पाहिजे, असा दंडक चांगल्या पाहणीत असतो तो यासाठी.

नमुन्याच्या आकाराविषयी शास्त्र दिलासा देते. निवड खरोखर यादृच्छिक असेल, तर ४०० माणसांच्या पाहणीतून मिळणारी टक्केवारी बहुतेक वेळा खऱ्या टक्केवारीच्या पाच अंश अलीकडे-पलीकडे असते. ही चूक निम्म्यावर आणायची, तर माणसे दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे १,६०० लागतात. तेव्हा निवड काटेकोर ठेवून चारशे घरे गाठणे हे वाटेल त्याला विचारून चाळीस हजार उत्तरे गोळा करण्याहून अधिक शहाणपणाचे आणि अधिक स्वस्तही ठरते.

विचारावे काय?

'आपणांस शास्त्रीय संगीत आवडते का?' या प्रश्नाला नकार देणे मराठी सुशिक्षिताला जड जाते. तो होकार शिष्टाचाराचा असतो. म्हणून आवड विचारू नये, वर्तन विचारावे. गेल्या सात दिवसांत काय ऐकले, कोठे ऐकले, कशावर ऐकले? गेल्या वर्षभरात कार्यक्रमाचे तिकीट, शिकवणीची फी, वाद्याची दुरुस्ती, पुस्तके यांवर किती खर्च झाला? संगीताविषयीचा छापील मजकूर शेवटचा केव्हा वाचला, आणि तो विकत घेतला होता की मागून आणला होता? या प्रश्नांना खोटे उत्तर देणे अवघड नाही, पण त्याने प्रतिष्ठा वाढत नसल्यामुळे ते देण्याचे कारण उरत नाही.

शब्दांचीही पारख हवी. 'संगीत' हा शब्द शहरी, शाळकरी आहे. रोज रात्री विठ्ठलाच्या देवळात मृदंगावर थाप देणारा माणूस 'आपणांस संगीताची आवड आहे का?' या प्रश्नाला 'नाही बुवा' असे उत्तर देऊ शकतो, कारण त्याच्या मते तो संगीत करीत नाही, भजन करतो. अशी उत्तरे बेरजेत गेल्यावर चूक शोधूनही सापडत नाही. छापील प्रश्नावली शेकडो घरी नेण्यापूर्वी ती वीस-पंचवीस निरनिराळ्या माणसांवर पारखून घेणे आवश्यक असते ते याचसाठी.

सर्वांत फसवा प्रश्न किमतीचा. 'असे मासिक निघाल्यास आपण घ्याल का?' याला होकार देण्यास काही पडत नाही. अर्थशास्त्र ज्याला मागणी म्हणते, ती केवळ इच्छा नव्हे. विशिष्ट किमतीस विकत घेण्याची तयारी आणि ऐपत तिच्यात अभिप्रेत असते. यावर दोन सोपे उपाय आहेत. पहिला, निम्म्या लोकांना एक किंमत आणि उरलेल्या निम्म्यांना दुसरी, चढी किंमत सांगून दोन्ही गटांतील होकारांची तुलना करणे. त्यावरून किंमत वाढल्यास किती वाचक गळतील याचा अंदाज येतो. दुसरा, मुलाखतीअखेर आभारादाखल नमुना अंक किंवा तेवढ्याच किमतीची रोख रक्कम यांतून एक निवडण्यास सांगणे. तोंडाने होकार देऊन हाताने रोख रक्कम उचलणाऱ्यांचे प्रमाण ही त्या पाहणीतील सर्वांत मोलाची माहिती असते.

पाहणीवर किती खर्च करावा, याचेही गणित मांडता येते. समजा, अंकाची किंमत १०० रुपये आहे, विक्रेत्याचा वाटा ४० रुपये आणि कागद-छपाई प्रतीमागे ४५ रुपये. खप तीन हजार असताना चार हजार प्रती छापल्या, तर छपाईचे १ लाख ८० हजार जातात आणि विक्रीचेही १ लाख ८० हजारच येतात. लेखक, संपादक, टपाल, जागेचे भाडे यांसाठी दमडी उरत नाही. तीन हजारच छापल्या असत्या, तर छपाईचा दर तोच राहतो असे सोयीसाठी धरून, महिन्याला ४५ हजार उरले असते. वर्षाला हा फरक ५ लाख ४० हजारांचा होतो. हजार प्रतींच्या भाबडेपणाची ही किंमत आहे. तो भाबडेपणा टाळणाऱ्या माहितीवर या रकमेचा काही हिस्सा खर्च करणे ही उधळपट्टी नव्हे.

पाहणीला न दिसणारे

तथापि पाहणीच्या हाती लेखणीच द्यावी, असा याचा अर्थ नाही. माणसे ज्ञात गोष्टींविषयी उत्तरे देतात. जी वस्तू अद्याप बाजारात नाही तिच्याविषयीची त्यांची उत्तरे कच्ची असतात. भारतात १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेट आली, तोवर ध्वनिमुद्रणाच्या धंद्यावर एचएमव्हीचे वर्चस्व होते. तबकड्यांच्या खपावरून कोणी अंदाज केला असता, तर लोकगीते, प्रादेशिक भाषांतील गाणी आणि भक्तिगीते यांना मर्यादितच बाजार आहे, असे अनुमान निघाले असते. कॅसेट किराणा दुकानापर्यंत पोचली आणि त्याच संगीताचा पूर लोटला. मागणी आधीही होती. तिला परवडेल अशी वस्तू नव्हती. किर्लोस्करांनी १९३० मध्ये 'स्त्री' मासिक काढले तेव्हा वाचक स्त्रियांची यादी कोणी त्यांच्या हाती ठेवली नव्हती. मासिकाने आपला वाचक काही अंशी स्वतःच घडवला.

पाहणी आणि कल्पकता यांचा मेळ कसा बसतो, हे ब्रिटनमधील 'क्यू' या मासिकाच्या उदाहरणावरून दिसते. ते ऑक्टोबर १९८६ मध्ये निघाले. तेव्हाची संगीत साप्ताहिके तरुणांच्या नव्या लाटांमागे धावत होती. तारुण्यात रॉक संगीत ऐकून तिशीत पोचलेला, हाती पैसा असलेला आणि नव्याने आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर जुने संगीत पुन्हा विकत घेणारा श्रोता त्यांना दिसत नव्हता. 'क्यू'ने तोच श्रोता हेरला. ही रिकामी जागा 'तुम्हांला काय आवडते?' असे विचारून सापडली नसती. कोण पैसे खर्च करतो आहे आणि त्याच्यासाठी कोणी लिहीत नाही, हे पाहिल्यावर सापडली. ते मासिकही जुलै २०२० मध्ये बंद पडले. वाचकांचे वय, सवयी आणि ऐकण्याची साधने बदलत राहतात. एकदा केलेली पाहणी कायमची शिदोरी होत नाही.

मराठीतली रिकामी जागा कोठे आहे? गाणे आज भ्रमणध्वनीवर जवळजवळ फुकट मिळते. तेव्हा कोणते गाणे ऐकावे हे सांगण्यासाठी कोणी मासिक घेईल, ही आशा व्यर्थ आहे. जे भ्रमणध्वनीवर विखुरलेले, अविश्वसनीय किंवा अनुपलब्ध आहे, तेच छापील अंकाचे भांडवल होऊ शकते. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कारागिरांचा माल, त्यांची पत आणि नवशिक्याने वाद्य कसे पारखावे याची माहिती देणारे पान शिकणाऱ्याला हवे असेल. भजनी मंडळाला अभंगांच्या चाली स्वरलिपीसह हव्या असतील; बँडवाल्याला सुपारीचे दर आणि कराराचा मसुदा हवा असेल. हे 'असेल' आहे. त्याचे 'आहे' झाले की नाही, हे सांगणे पाहणीचे काम. मुळात हे प्रश्न सुचणे हे संपादकाचे.

सुदैवाने मराठीत चाचणीची एक तयार वाट उपलब्ध आहे. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यापासून वर्षातून एकदा मराठी माणूस अनोळखी नावाचा अंकही हाती घेऊन पाहतो. नव्या संगीत मासिकाने बारा अंकांची वर्गणी मागण्याआधी एक दिवाळी अंक काढावा. त्यात उत्तरपत्रिका घालावी. पण केवळ आलेल्या पत्रिका मोजून थांबू नये, नाहीतर झुमरी तलैयाच पुन्हा उभे राहील. विक्रेत्यांकडून परत आलेल्या प्रती मोजाव्यात, ग्रंथालयांत त्या अंकाची किती वेळा देवघेव झाली ते विचारावे, आणि अंक विकत घेऊनही उत्तर न पाठवणाऱ्या काही ग्राहकांच्या घरी मुद्दाम जावे. एक प्रत अनेक जण वाचतात, ही मराठी समाजाची जुनी रीत आहे. जाहिरातदाराला त्या वाचकांचे मोल असते. छापखान्याचे बिल मात्र विकलेल्या प्रतींतूनच भागते. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नयेत.

आणि एक पथ्य सर्वांत आधी पाळावे. किती टक्के ग्राहक दुसऱ्या अंकासाठी आगाऊ पैसे भरतील तर मासिक काढायचे, आणि किती भरल्यास बेत रद्द करायचा, हे पाहणीपूर्वीच कागदावर लिहून ठेवावे. आकडे हाती आल्यावर अर्थ लावू म्हटले की प्रत्येक आकड्याचा अर्थ 'मासिक काढावे' असाच निघतो. हौशी माणसाचा स्वभावच तो. आधी लिहिलेल्या त्या एका ओळीमुळे कदाचित एखादे मासिक निघणार नाही. पण जे निघेल, त्याला वर्गणी पाठवणाऱ्या वाचकाला आपल्या पैशांचे बारा अंक तरी मिळतील.